मनगटावरचे स्मार्टवॉच : कोणत्या आकड्यावर किती विसंबावे?

नागपूरपासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेले काटोल हे संत्र्यांच्या बागांसाठी ओळखले जाणारे तालुक्याचे गाव. एक ते तीन हजार रुपयांत मिळणारी, पावले आणि नाडी मोजणारी स्मार्टवॉच आता अशा गावांतील बाजारपेठांतही सहज मिळतात. मात्र या घड्याळाच्या पडद्यावर दिसणारे सर्वच आकडे सारख्या विश्वासाचे नसतात. काही आकडे सवय लावण्यास उपयुक्त ठरतात, तर काहींवर विसंबणे जिवावर बेतू शकते. हा भेद ध्यानात घेऊनच हे साधन वापरणे श्रेयस्कर होय.

पावलांची मोजणी

घड्याळ पाय पाहत नाही, मनगटाची हालचाल पाहते. त्यातील ॲक्सेलरोमीटर हा संवेदक हाताच्या लयबद्ध झोक्यांवरून पावलांचा अंदाज बांधतो. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची तोडणी चालू असताना शिडीवर उभे राहून संत्री तोडणाऱ्याचे हात सतत हलतात. तो जागचा हलला नाही तरी काही पावले जमा होऊ शकतात. उलट, भरलेले क्रेट दोन्ही हातांनी धरून चालणाऱ्याची खरी पावले गळतात. खडबडीत रस्त्यावरून दुचाकी चालविली तरी आकडा फुगू शकतो. म्हणून घड्याळ घेतल्यावर मनात मोजून १०० पावले चालावे आणि घड्याळाने किती मोजली ते पाहावे. अंतराचेही तसेच आहे. स्वस्त घड्याळांत बहुधा स्वतंत्र जीपीएस नसते. मोबाइल सोबत नसल्यास पावलांची संख्या आणि उंची यांवरून अंतर काढले जाते. उंचीची नोंद चुकली की अंतरही चुकते.

दहा हजारांचा आग्रह कशासाठी?

दररोज १०,००० पावलांचे उद्दिष्ट वैद्यकीय संशोधनातून आलेले नाही. जपानमध्ये १९६५ साली विक्रीस आलेल्या एका पावलेमापकाच्या 'मानपो-केई', अर्थात 'दहा हजार पावलांचा मापक', या नावावरून ते रूढ झाले. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या १५ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार, साठी ओलांडलेल्यांत ६,००० ते ८,००० आणि त्याहून तरुणांत ८,००० ते १०,००० पावलांपर्यंत मृत्यूचा धोका घटत जातो. त्यापुढे विशेष फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला आहे. मिनिटाला साधारण १०० पावले या गतीने चालणे त्यात मोडते. आज ३,००० पावले होत असतील, तर पुढील महिन्यात ४,००० करणे हेच खरे उद्दिष्ट मानावे.

नाडीचे ठोके

घड्याळाच्या मागील हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो. रक्त हा प्रकाश शोषून घेते आणि परत येणाऱ्या प्रकाशातील चढउतारांवरून ठोके मोजले जातात. स्वस्थ बसले असता हा आकडा बऱ्यापैकी बरोबर येतो. जोराच्या हालचालीत, पट्टा सैल असताना किंवा गोंदलेल्या त्वचेवर तो चुकतो. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या किंचित वर, घसरणार नाही इतपत घट्ट बांधावे. प्रौढ व्यक्तीची विश्रांतीतील नाडी सामान्यतः मिनिटाला ६० ते १०० असते. एखाद्या दिवसाच्या आकड्यापेक्षा महिनाभरातील कल महत्त्वाचा. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी नाडी मंदावणारी औषधे घेणाऱ्यांनी '२२० वजा वय' हे सूत्र स्वतःला लावू नये. व्यायामाची मर्यादा डॉक्टरांना विचारावी.

ज्या आकड्यांवर औषध ठरवू नये

कोरोनाच्या साथीत बोटावर लावण्याचे ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचले. ते बोटातून आरपार जाणाऱ्या प्रकाशावर चालते. घड्याळ मात्र मनगटावरून परतणारा प्रकाश वाचते, त्यामुळे त्याचे ऑक्सिजनचे मोजमाप अधिक डळमळीत असते. दंडाला पट्टा न बांधता स्वस्त घड्याळाने दाखविलेला रक्तदाबही उपचारासाठी ग्राह्य धरू नये. रक्तातील साखरेबाबत तर अधिकच सावध राहावे. त्वचेला न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळे आणि अंगठ्या वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. अशा आकड्यावरून इन्सुलिनची मात्रा ठरविल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

विदर्भातील उन्हाळा

मे महिन्यात या भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हात शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे अधिक रक्त जाते, त्यामुळे तेवढ्याच चालण्यात नाडी अधिक वाढते. ही वाढ दिसल्यास सावलीत थांबून पाणी प्यावे आणि चालण्याची वेळ पहाटेची ठेवावी. शरीराच्या आतील तापमान हे घड्याळ सांगू शकत नाही. अंग तापून भ्रम किंवा बेशुद्धी आल्यास घड्याळ न पाहता १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा आणि रुग्णाला सावलीत नेऊन ओल्या कपड्याने व वाऱ्याने थंड करावे. पट्ट्याखाली घाम साचून त्वचा चिघळते, यासाठी तो रोज धुऊन कोरडा करावा. बागेत फवारणी करताना घड्याळ काढून ठेवावे. उन्हात तापलेले घड्याळ लगेच चार्जिंगला लावू नये.

छातीत दुखत असताना

छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम यांपैकी काही जाणवले आणि घड्याळावर नाडी ७८ दिसली, तरी हृदयविकाराचा झटका नाही असे ठरत नाही. स्वस्त घड्याळ झटका ओळखू शकत नाही. काटोलहून नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यास तासाहून अधिक वेळ लागू शकतो. आकडा पुन्हा पुन्हा तपासण्यात गेलेली वीस मिनिटे अशा वेळी महागात पडतात. तक्रार जाणवताच निघावे. एरवी, नियमित तपासणीस जाताना महिनाभराची पावले आणि विश्रांतीतील नाडी कागदावर लिहून न्यावी. डॉक्टरांना त्या नोंदीचा उपयोग होतो.