मैत्रीचे चित्र : संकल्पचित्र की स्मरणचित्र?

महाराष्ट्रात ज्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या आहेत, त्यांना वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हे तीन शब्द परके नाहीत. समोर मांडलेली वस्तू पाहून काढायचे ते वस्तुचित्र. पाहिलेला प्रसंग आठवून काढायचे ते स्मरणचित्र. आणि दिलेल्या आकारात ठरावीक घटकांची तोलदार मांडणी करायची ते संकल्पचित्र. दोन देशांच्या मैत्रीनिमित्त मुलांसाठी ज्या चित्रस्पर्धा भरतात, त्यांचा विचार करताना आम्हाला ही जुनी विभागणी फार उपयोगी वाटते. अशा स्पर्धेतले सरासरी चित्र डोळ्यांसमोर आणावे : डावीकडे एक ध्वज, उजवीकडे दुसरा, मध्ये हातात हात, वर कबुतर. हे उघडच संकल्पचित्र आहे. त्यात तोल आहे. पाहिलेले मात्र काही नाही.

आपल्याकडील या प्रकारचे ठळक उदाहरण सोव्हिएत काळातले आहे. १९६४ मध्ये नेहरूंचे निधन झाले आणि त्यानंतर 'सोव्हिएत लँड' या नियतकालिकाने त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केले. नारायण सुर्वे यांना १९७३ मध्ये मिळालेल्या पुरस्कारामुळे हे नाव मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. याच उपक्रमात मुलांच्या चित्रांनाही स्थान होते, हे मात्र थोड्यांच्याच स्मरणात असेल. गुणवंत मुलांना क्रिमियाच्या किनाऱ्यावरील 'आर्तेक' या बालशिबिरात पाठवले जाई. १९२५ मध्ये स्थापन झालेले हे शिबिर सोव्हिएत राज्याचा अभिमानविषय होते. ९ ऑगस्ट १९७१ रोजी भारत-सोव्हिएत मैत्री करार झाला, तेव्हा 'मैत्री' हा शब्द राजनीतीच्या परिभाषेत पक्का बसला. मुलांनी काढायच्या चित्राचा आशय मोठ्यांनी असा आधीच ठरवून ठेवलेला होता. मुलाकडे उरले होते ते रंगकाम.

आता भंडारा जिल्ह्यातील वरठीसारख्या गावातल्या एखाद्या मुलाने त्या काळी अशा स्पर्धेसाठी कागद पुढे ओढला असेल, अशी कल्पना करू. मॉस्को त्याने पाहिलेले नाही. मनोऱ्यांवरचे कांद्याच्या आकाराचे घुमट तो मासिकातल्या छायाचित्रावरून उतरवील. पण मैत्री त्याच्या डोळ्यांसमोर नव्हती, असे म्हणता येईल काय? भंडारा शहरासाठीचे 'भंडारा रोड' हे रेल्वेस्थानक वरठीतच आहे. नागपूरहून निघालेला हा लोहमार्ग कामठी, भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग असा भिलाईला पोहोचतो. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत सहकार्याने उभा राहिला. त्याचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. आरंभीची क्षमता वर्षाला दहा लाख टन होती. पोलादाला मँगनीज लागते, आणि त्याच्या चिखला व डोंगरी बुजुर्ग या खाणी भंडारा जिल्ह्यातच आहेत.

त्याहून जवळची खूण म्हणजे रूळ. भारतीय रेल्वेचे रूळ भिलाईत घडू लागले. रुळाच्या उभ्या अंगावर कारखान्याची खूण आणि घडणीचे वर्ष उठवलेले असते; फाटकापाशी खोळंबलेल्या कोणालाही ते वाचता येते. गाडीच्या धडधडाटात हादरणारा तो रूळ, उन्हात चमकणारी त्याची माथ्यावरची रेघ, बाजूला खडी आणि गँगमनची कुदळ : हे मैत्रीचे स्मरणचित्र झाले असते. पण परीक्षकांना ते भारत-सोव्हिएत मैत्रीचे चित्र वाटले असते काय, याबद्दल आम्ही साशंक आहोत. त्यात ध्वज नाही, कबुतर नाही.

याच देशात मुलांच्या चित्रांकडे पाहण्याची दुसरी रीतही होती. १९४९ मध्ये व्यंगचित्रकार शंकर यांनी मुलांसाठी स्पर्धा सुरू केली; पुढे ती आंतरराष्ट्रीय झाली. देशोदेशींची चित्रे तिथे एकत्र आली, पण 'मैत्री' हा विषय म्हणून लादावा लागला नाही. मुले आपले घर, आपला बाजार, आपला पाऊस काढत राहिली. मैत्री चित्रांच्या शेजाराने घडली.

त्याच वर्षीचा दुसरा प्रसंग हत्तीचा. टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातील हत्ती १९४३ मध्ये युद्धकाळातील आदेशाने उपाशी ठेवून मारले गेले होते. युद्धानंतर तेथील मुलांनी नेहरूंकडे हत्ती मागितला, आणि सप्टेंबर १९४९ मध्ये 'इंदिरा' नावाची हत्तीण टोकियोत पोहोचली. ही भेट भारतातील मुलांकडून जपानी मुलांना आहे, असे नेहरूंनी आवर्जून कळवले. भारत-जपान शांतता करार व्हायला जून १९५२ उजाडावे लागले. म्हणजे करारापूर्वी जवळपास तीन वर्षे हत्तीण तिथे होती. मुलांना मैत्रीची कल्पना नको होती, हत्ती हवा होता. म्हणूनच ती मैत्री खरी ठरली. १९८३ पर्यंत इंदिरा उएनोत जगली.

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. ज्या ध्वजाचा लाल रंग मुलांनी जपून भरला होता, तो ध्वज क्रेमलिनवरून उतरला. संकल्पचित्राचा अर्धा भाग एका रात्रीत निराधार झाला. भिलाईत मात्र रूळ घडतच राहिले.

मैत्रीच्या स्पर्धा आजही भरतात, आणि शिक्षक म्हणून आपणच मुलांना विषय समजावून देतो. उद्या भारत-जपान मैत्रीचा विषय आला, तर वरठीच्या मुलाला फुजी पर्वत गिरवायला लावण्याचे कारण नाही. त्याच्याच जिल्ह्यात, पवनीजवळच्या रुयाड येथे जपानी सहकार्याने उभारलेला महास्तूप आहे. त्याच्याच लोहमार्गावरील कामठीत जपानी साहाय्याने १९९९ मध्ये उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस आहे. 'काय काढशील?' असे विचारण्याआधी 'काय पाहिलेस?' असे विचारावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. बक्षीस कदाचित हुकेल. पण त्या कागदावर त्या मुलाचे असे काहीतरी उरेल.