पदवीच्या वर्गातून संशोधनाकडे : एका प्रथेची जडणघडण

अमेरिकेतील बहुतेक मोठ्या विद्यापीठांत आज पदवीच्या विद्यार्थ्याला एखाद्या प्राध्यापकाच्या चालू संशोधनात साहाय्यक म्हणून काम करता येते आणि त्या कामाबद्दल वेतनाऐवजी श्रेयांक, म्हणजे पदवी पूर्ण होण्यासाठी जे क्रेडिट जमवावे लागतात ते, मिळवता येतात. सामाजिक शास्त्रांत हे काम बहुधा मुलाखतींची ध्वनिमुद्रणे शब्दशः उतरवून घेण्याचे, उतरवलेल्या मजकुरातील विधानांना ठरलेल्या वर्गवारीनुसार खुणा देण्याचे, ज्याला कोडिंग म्हणतात, किंवा जुन्या वर्तमानपत्रांतून आणि सरकारी दप्तरांतून नोंदी काढण्याचे असते. या प्रथेमागे दोन स्वतंत्र इतिहास आहेत. समाजाचा अभ्यास करायचा तर घरोघर जाणारी, विचारणारी आणि टिपून घेणारी माणसे मोठ्या संख्येने लागतात, ही गरज त्यातला पहिला इतिहास घडवते. शिक्षण तासांत मोजण्याची विद्यापीठीय पद्धत दुसरा. हे दोन प्रवाह एकत्र येईपर्यंत विद्यार्थी काम करत होतेच, पण त्याची मोजदाद कुठेही होत नव्हती.

पहिल्या इतिहासाचा एक धागा अटलांटात सापडतो. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस १८९७ मध्ये अटलांटा विद्यापीठात आले. अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या या संस्थेजवळ पैसा तुटपुंजा होता आणि संशोधकांची फौज तर नव्हतीच. तरीही कृष्णवर्णीयांतील कारागीर, त्यांची चर्चे, त्यांच्यातील पदवीधर, असा दरवर्षी एक विषय घेऊन अभ्यास करण्याची आणि त्यावर परिषद भरवून अहवाल छापण्याची योजना दुबॉइस यांनी १९१० पर्यंत चालवली, आणि तिचा भार मुख्यतः संस्थेच्या बिनपगारी माजी विद्यार्थ्यांनी व वर्गातल्या मुलांनी उचलला. १९०३ मध्ये लिहिलेल्या एका लेखात दुबॉइस यांनी या व्यवस्थेला समाजशास्त्राची प्रयोगशाळा म्हटले आहे. अमेरिकी समाजशास्त्राचा आरंभ शिकागोत झाला असे दीर्घकाळ शिकवले गेले. अटलांटातील हे काम त्या कथेतून गळले होते, आणि त्याबरोबर ते करणारे विद्यार्थीही गळले, हे अन्यायाचे होते असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

शिकागोतील काम अर्थातच अधिक विस्तृत होते. शिकागो विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट पार्क आणि अर्नेस्ट बर्जेस यांनी शहर हाच अभ्यासाचा विषय केला आणि १९२३ मध्ये स्थापन झालेल्या स्थानिक समाज संशोधन समितीला रॉकफेलर कुटुंबाच्या निधीतून पैसा मिळाल्यावर विद्यार्थ्यांना वस्त्यावस्त्यांत पाठवणे पद्धतशीरपणे सुरू झाले. कुठे कोणत्या देशातून आलेले लोक राहतात, दुकाने कशी बदलली, जुने रहिवासी वस्तीची हद्द कुठे मानतात, हे त्यांनी विचारले आणि नकाशांवर चढवले. शिकागोचे ७५ वस्ती-विभाग आखले गेले त्याला या माहितीचा आधार होता. या क्षेत्रकार्यावर देखरेख ठेवणाऱ्या व्हिव्हियन पामर यांनी १९२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. निरीक्षण कसे करावे, मुलाखत कशी घ्यावी, नोंद कशी ठेवावी, हे तिच्यात क्रमाने सांगितले आहे. हे ज्ञान तोवर गुरूच्या सहवासातून झिरपत असे. पामर यांनी ते शिकवण्याजोगे केले, आणि साहाय्यकाचे काम शिक्षणात मोडते याचा हा फार मोलाचा पुरावा आहे.

भारतात याच्या थोडे आधी गिल्बर्ट स्लेटर हे १९१५ मध्ये मद्रास विद्यापीठाचे भारतीय अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आले. त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती प्रश्नावली दिली आणि सुटीत आपापल्या गावी जाऊन जमीन, कर्ज, मजुरी आणि पिके यांची माहिती आणायला सांगितले. त्यातून १९१८ मध्ये दक्षिण भारतातील काही खेड्यांवरचे पुस्तक निघाले. विद्यार्थ्याला गावाची भाषा येत होती, गावात त्याच्यावर विश्वास होता, आणि परक्या अधिकाऱ्यापुढे जे बोलले गेले नसते ते त्याच्यापुढे बोलले जाण्याची शक्यता होती. त्याच वेळी गावात त्याची स्वतःची जात आणि जमीन होती, त्यामुळे त्याला काय दिसले नसेल हाही प्रश्न उरतोच. पी. जे. थॉमस आणि के. सी. रामकृष्णन या अर्थशास्त्रज्ञांनी १९३६–३७ मध्ये याच खेड्यांची पुन्हा पाहणी केली आणि त्यांतील काही खेड्यांकडे संशोधक पुढेही परतत राहिले. बदल मोजायचा तर आरंभबिंदू लागतो. इथे तो सुटीवर गेलेल्या मुलांनी पुरवला.

श्रेयांकाचा उगम मात्र संशोधनाशी अजिबात संबंधित नाही. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी १ कोटी डॉलर दिले, आणि हा पैसा कोणत्या महाविद्यालयांना द्यायचा हे ठरवण्यासाठी कार्नेगी प्रतिष्ठानाने प्रवेशार्थीच्या शालेय शिक्षणाचे एकक निश्चित केले. १९१० मध्ये मॉरिस कुक या अभियंत्याने, जो कारखान्यातील कामाचे शास्त्रीय मोजमाप मांडणाऱ्या फ्रेडरिक टेलरचा अनुयायी होता, विद्यापीठांसाठी ‘विद्यार्थी-तास’ हे माप सुचवले. तासांचा हिशेब रूढ झाल्यावर वर्गाबाहेरचे कामही त्यात बसवता येईल अशी सोय आपोआप निर्माण झाली, पण ती वापरात यायला अर्धे शतक जावे लागले.

पोलरॉइड कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड यांनी १९५७ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एमआयटीत, केलेल्या भाषणात विद्यार्थ्याला प्रवेशाबरोबरच स्वतःचे संशोधन मिळावे असे सांगितले. तो विचार मार्गारेट मॅकव्हिकर या तरुण भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी १९६९ मध्ये प्रत्यक्षात आणला. त्यांनी सुरू केलेल्या योजनेत विद्यार्थ्याला श्रेयांक किंवा वेतन यांपैकी एक घेण्याची मुभा मिळाली आणि ही योजना सगळ्या विद्याशाखांना खुली झाली. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९९१ पासून अशीच योजना आहे. तिथे आठवड्याला तीन तास काम केल्यास सत्राअखेर एक श्रेयांक मिळतो.

मिशिगन विद्यापीठाची योजना या सर्वांत अधिक विचारपूर्वक रचलेली दिसते. १९८८ मध्ये विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्या अवघ्या १४ जोड्यांनी ती सुरू झाली आणि तिचा मूळ हेतू अल्पसंख्य समाजांतील विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडून जाऊ नयेत हा होता. तिथे प्रथम वर्षाच्या मुलांनाही घेतले जाते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की सहभागी विद्यार्थी, विशेषतः कृष्णवर्णीय विद्यार्थी, विद्यापीठात अधिक प्रमाणात टिकून राहिले. तरीही अशा योजनांत दोन अडचणी उरतात. पहिली म्हणजे, ज्याला घरखर्चासाठी कमवावे लागते त्याला बिनपगारी श्रेयांक परवडत नाहीत, उलट श्रेयांकांसाठी शुल्कच भरावे लागते. म्हणून वेतनाचा पर्याय ठेवणाऱ्या योजनांनाच न्याय्य म्हणता येईल. दुसरी अडचण कामाच्या स्वरूपात आहे. वर्षभर ध्वनिमुद्रणे उतरवणाऱ्या मुलीला मूळ प्रश्न काय होता आणि तिच्या खुणांवरून कोणता निष्कर्ष निघाला हे कोणी सांगितलेच नाही, तर तिचे तास भरतात पण शिक्षण होत नाही, आणि पामर यांनी जे साधले होते ते पुन्हा हातचे जाते.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये आखलेल्या चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्स हा पर्याय आला, त्यात चौथ्या वर्षीच्या संशोधन प्रकल्पाला १२ श्रेयांक आहेत आणि क्षेत्रकार्याचा एक श्रेयांक ३० तासांचा धरला आहे. मात्र संशोधनाची वाट निवडण्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण आवश्यक ठरवले गेले. मिशिगनने गळतीच्या काठावरच्या मुलांना हाताशी धरण्यासाठी जे साधन वापरले ते इथे आधीच पुढे असलेल्यांसाठी राखले गेले, हा फरक लहान नाही. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी २०२३ नंतरच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभाग यांना स्वतंत्र श्रेयांक दिले असून ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या सामान्य विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात. स्लेटर यांच्या प्रश्नावलीसारखे एखाद्या तालुक्याच्या खेड्यांचे काम, पुढच्या तुकडीने पुन्हा करून पाहता येईल अशा नोंदींसह, सुरू करायचे तर आज त्याला जागा तिथेच आहे.