विस्कटलेली अक्षरे आणि कोसबाडची टेकडी

डहाणू तालुक्यातील कोसबाडची टेकडी मराठी वाचकाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोन नावांमुळे परिचित आहे. बालशिक्षणाच्या इतिहासात तिचे स्थान निश्चित झालेले आहे. प्रस्तुत लेखात मात्र तिच्याकडे थोड्या आडवाटेने जायचे आहे. डोक्याला जबर मार लागून ज्यांची वाचा, वाचन किंवा स्मरण विस्कटते अशा प्रौढ माणसांच्या पुनर्वसनाचा इतिहास चाळू लागलो, की तो बालशाळेच्या इतिहासात गुंतलेला आढळतो. कोसबाडला अशा रुग्णांवर उपचार झाले असे येथे सुचवायचे नाही. एकाच विचाराच्या दोन फांद्या कशा वाढल्या, एवढेच पाहायचे आहे.

याला निमित्त घडले ते आमच्या एका विद्यार्थ्याचे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर त्याच्या मोटरसायकलला अपघात झाला. जीव वाचला, जखम भरली, रुग्णालयातून तो घरी आला. आम्ही दोघे-तिघे प्राध्यापक त्याला भेटायला पाड्यावर गेलो तेव्हा सोबत त्याच्या आवडीचा कथासंग्रह नेला होता. त्याने तो हातात घेतला, बराच वेळ एकाच पानाकडे पाहिले आणि मिटून बाजूला ठेवला. अक्षरे दिसत होती, पण ती वाचली जात नव्हती. त्याची आई त्याला वालाच्या शेंगा सोलायला बसवी, दाणे निवडायला लावी. वेळ घालवण्यासाठी काहीतरी, असे आम्हांला त्या वेळी वाटले. तो आमचा अडाणीपणा होता, हे पुढे वाचन वाढल्यावर कळले.

डोक्याच्या दुखापतीच्या गोष्टी आपण सांगतो त्या बहुधा शस्त्रक्रियेपाशी संपतात. १९६२ च्या मार्चमध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर भारतीय संघाचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू आदळला आणि कवटीला तडा गेला. त्यांना रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल होते, तसेच आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णीही होते. पुढे वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी त्यांच्या कवटीत धातूची पट्टी बसवली. चँडी यांनी १९४९ मध्ये तेथे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला होता आणि तो भारतातील पहिला मानला जातो. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले, कसोटी सामना मात्र पुन्हा खेळले नाहीत. या कथेतील चेंडू, रक्त आणि पट्टी सर्वांच्या लक्षात आहेत. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उभे राहण्याचे जे महिने गेले, त्यांची नोंद लोकस्मृतीत नाही. पुनर्वसनाचा इतिहास त्या महिन्यांचा आहे आणि त्याची सुरुवात शोधायला शाळेतच जावे लागते.

१८०० च्या सुमारास फ्रान्समधील आव्हेरों भागात रानात एकटाच वाढलेला एक मुलगा सापडला. ज्याँ इतार या तरुण वैद्याने सुमारे पाच वर्षे त्याला शिकवले. इंद्रियांना जाग आणली तर भाषा येईल, अशी त्याची धारणा होती. तो मुलगा काही लिखित शब्द ओळखू लागला, परंतु बोलायला कधीच शिकला नाही. इतारच्या दृष्टीने हे अपयश होते. त्याचा शिष्य एदुआर सेगँ याने मात्र त्यातून पद्धत घडवली. मतिमंद म्हणून टाकून दिलेल्या मुलांचे आधी स्नायू, मग स्पर्श, मग दृष्टी आणि शेवटी कल्पना, अशा क्रमाने शिक्षण करायचे. तो अमेरिकेत स्थायिक झाल्यावर १८६६ मध्ये या पद्धतीवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

रोममधील एक तरुण डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी इतार आणि सेगँ यांचे लेखन बारकाईने अभ्यासले. मतिमंद मुलांसाठी त्यांनी अक्षरे बोटांनी गिरवता येतील अशी करून घेतली. ही मुले लिहू-वाचू लागली, तेव्हा सर्वसामान्य मुलांना शाळेत अडवते तरी काय, असा उलटा प्रश्न त्यांना पडला. १९०७ मध्ये सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह निघाले. तेथून हा विचार भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यापर्यंत आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांच्यापर्यंत आला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, अनुताई त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे आणि पाने आली. म्हणजे वारली मुलाच्या बोटांखाली जी बी होती, तिचा पूर्वज इतारने त्या रानातल्या मुलापुढे ठेवलेल्या वस्तूंमध्ये सापडतो.

दुसरी फांदी युद्धात वाढली. दुसऱ्या महायुद्धात उरल पर्वताच्या परिसरातील एका रुग्णालयात अलेक्झांडर लुरिया हे रशियन मानसशास्त्रज्ञ मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर काम करत होते. बालमनाचे अभ्यासक लेव विगोत्स्की हे त्यांचे ज्येष्ठ सहकारी. वाचन, लेखन, बोलणे या क्रिया मेंदूच्या एकाच कोपऱ्यात राहत नाहीत, त्या अनेक दुव्यांची साखळी असतात, असे लुरियांचे प्रतिपादन होते. एक दुवा तुटला तर तोच घासत बसण्यापेक्षा शाबूत दुव्यांतून नवी वाट काढावी. झासेत्स्की हा सैनिक १९४३ मध्ये गोळी लागून जखमी झाला. एकेक अक्षर आठवून लिहायला गेला की त्याचा हात थांबे. एकदा त्याला हात न उचलता सलग लिहायला सांगण्यात आले आणि शब्द कागदावर उमटला. डोळ्यांनी हरवलेले अक्षर हाताच्या सवयीत शिल्लक होते. स्वतः लिहिलेले वाचणे त्याला अतोनात कठीण जाई, तरीही त्याने सुमारे पंचवीस वर्षांत ३००० च्या आसपास पाने लिहिली. साहित्याच्या विद्यार्थ्याने लेखन म्हणजे काय याचा विचार करताना या पानांपाशी थांबले पाहिजे.

बालशाळा आणि पुनर्वसन यांतील साम्य येथे स्पष्ट होते, परंतु ते ताणू नये. मूल प्रथमच शिकत असते. प्रौढ रुग्णाला आपण काय गमावले ते ठाऊक असते, आणि त्याला पाटीवर गिरवायला बसवण्यात त्याचा अपमान होऊ शकतो. झासेत्स्कीच्या लेखनातील वेदना हीच आहे. शिवाय सर्वच परत येत नाही. इतारचा विद्यार्थी बोलला नाही, हे विसरून हा इतिहास लिहिता येणार नाही.

कोसबाडचे दुसरे देणे याहून महत्त्वाचे वाटते. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर ताराबाईंनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. आरोग्याच्या क्षेत्रात जवळपास हाच विचार १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेनंतर बळावला. जागतिक आरोग्य संघटनेने समाजाधारित पुनर्वसनाचा पुरस्कार केला, म्हणजे रुग्णाच्या घरच्यांना आणि गावातल्या कार्यकर्त्यांना शिकवून पुनर्वसन घरातच करायचे. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे, पण पाड्यावरच्या माणसाला तेथे रोज जाणे परवडत नाही. त्याच्या मेंदूची शाळा भरणार ती त्याच्या ओटीवरच.

आमचा विद्यार्थी पदवी पूर्ण करू शकला नाही. वर्षभराने तो पाट्या वाचू लागला, नंतर वर्तमानपत्राचे मथळे. कथा अजून त्याच्याकडून सलग वाचून होत नाही, ती आम्ही वाचून दाखवतो. दाणे निवडताना त्याची आई प्रत्येक मुठीसरशी काहीबाही बोलत असे आणि तो एखाद्या शब्दाने उत्तर देई. सेगँ आणि लुरिया तिने वाचलेले नव्हते. ते वाचू शकणारे आम्ही मात्र पहिल्या भेटीत पुस्तक पुढे करून त्याच्या उत्तराची वाट पाहत बसलो होतो.