एका मुलाचे चार खेळ

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत स्प्रिंगफील्ड नांवाचें शहर आहे. तेथील वाय. एम. सी. ए. संस्थेच्या शिक्षक-विद्यालयांत १८९१ सालच्या हिवाळ्यांत अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग अगदीं अनावर झाला होता. शरद ऋतूंत हे तरुण फुटबॉल खेळत. वसंत आला कीं बेसबॉल. परंतु मधल्या थंडीच्या महिन्यांत मैदानावर बर्फ सांचलेला, आणि व्यायामशाळेंत रोज तीच ती कवाईत. व्यायाम-विभागाचे प्रमुख ल्यूथर ग्यूलिक यांनीं हा वर्ग जेम्स नेस्मिथ या तीस वर्षांच्या शिक्षकाच्या हवालीं केला, आणि छपराखालीं खेळतां येईल असा एखादा नवा खेळ चौदा दिवसांच्या आंत शोधून काढण्यास सांगितलें.

नेस्मिथ मूळचा कॅनडाचा. मॉन्ट्रिऑल येथें धर्मशास्त्राचा अभ्यास करीत असतां रग्बी, लॅक्रॉस आणि व्यायामशाळेंतील कसरती हीं सर्व त्याच्या अंगवळणीं पडलीं होतीं. प्रथम त्यानें मैदानावरचेच खेळ आंत आणून पाहिले. ते फसले, कारण बंद जागेंत धांवत्या गड्याला अडवूं लागलें कीं हातपाय मोडण्याचीच वेळ येते. तेव्हां तो उलट बाजूनें विचार करूं लागला. चेंडू घेऊन धांवावयाचें नाहीं असें ठरविलें, कीं अंगावर कोसळण्याचें कारणच उरत नाहीं. लक्ष्य डोक्याहून उंच आणि आडवें ठेवलें, कीं चेंडू जोरानें हाणून भागत नाहीं, तो अलगद उंच फेंकावा लागतो. लहानपणीं धोंड्यावर ठेवलेला दगड नेम धरून पाडण्याचा एक खेळ तो खेळत असे, तो त्याला या वेळीं आठवला. सज्जाच्या कठड्याला दहा फुटांच्या उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकण्यांत आल्या, तेरा नियम लिहून लावण्यांत आले, आणि डिसेंबर महिन्यांत बास्केटबॉलचा पहिला सामना झाला. एकाच खेळांत मुरलेल्या माणसाला ही युक्ति सुचली असती कीं नाहीं, याची शंकाच आहे. कोणत्या खेळांत काय मोडतें आणि काय रंगतें, हें चार खेळांत अंग घुसळून काढलेल्यालाच कळावयाचें.

पुढें चारच वर्षांनीं, १८९५ सालीं, जवळच्याच होल्योक गांवीं विल्यम मॉर्गन यानें व्हॉलीबॉल काढला. ग्यूलिकनें १९०३ सालीं न्यूयॉर्क शहरांतील सरकारी शाळांसाठीं क्रीडासंघ स्थापन केला. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत अमेरिकेंतील हायस्कुलांत खेळांचें एक ऋतुचक्रच ठरून गेलें: शरदांत फुटबॉल, हिवाळ्यांत बास्केटबॉल, वसंतांत बेसबॉल किंवा धांवणें-उड्या. यामागें शिक्षणशास्त्राचा फार खोल विचार होता असें मानण्याचें कारण नाहीं. लहान गांवच्या शाळेंत मुलेंच थोडीं. प्रत्येक खेळाला निराळा संघ आणणार कोठून? त्यामुळें तींच मुलें आणि बहुधा तेच शिक्षक एका खेळांतून दुसऱ्यांत जात. खेळांत चमकलेल्या मुलाला शाळेच्या नांवाचें आद्याक्षर अंगरख्यावर शिवावयास मिळे, आणि तीन खेळांत हा मान मिळविणारा मुलगा गांवांत मोठ्या ऐटीनें मिरवीत असे.

महाराष्ट्रांतहि खेळ ऋतूंना बांधलेलेच होते. पावसाळ्यांत तालमीची माती भिजे आणि नागपंचमीला कुस्त्यांचे फड रंगत. संक्रांतीच्या सुमारास पतंग चढत. विटीदांडू आणि लगोरी यांचे दिवस गल्लीगल्लींत आपोआप येत व जात. त्याचें वेळापत्रक मात्र कोणत्याहि शाळेनें लिहून ठेवलें नाहीं.

या ऋतुचक्रानें काय साधलें, हें जॅकी रॉबिन्सन याच्या चरित्रावरून चांगलें दिसतें. त्याचा जन्म १९१९ सालीं जॉर्जिया राज्यांत झाला. बाप घर सोडून गेला, आणि पुढच्याच वर्षीं आई पांच मुलें घेऊन कॅलिफोर्नियांतील पॅसाडीना येथें आली. तें शहर सुंदर खरें, पण नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावांत काळ्या मुलांना आठवड्यांतून एकच दिवस प्रवेश मिळे. तेथील जॉन म्यूर हायस्कुलांत जॅकी फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि लांब उडी या चारींत शाळेकडून उतरला. शिवाय टेनिस खेळून १९३६ सालीं त्यानें पॅसिफिक किनाऱ्यावरील निग्रो खेळाडूंच्या स्पर्धेंत कुमारांचें अजिंक्यपद मिळविलें. त्याच वर्षीं त्याचा वडील भाऊ मॅक बर्लिनच्या ऑलिंपिकमध्यें दोनशें मीटर शर्यतींत जेसी ओवेन्सच्या मागोमाग दुसरा आला, आणि घरीं परतल्यावर त्याच्या वांट्याला रस्ते झाडण्याचें काम आलें.

या मुलाला त्या वयांत कोणी विचारलें असतें कीं, बाबा, यांतला एक खेळ निवड, तर त्यानें कोणता निवडावा? बेसबॉलच्या मोठ्या संघांत तेव्हां काळ्या माणसाला प्रवेश नव्हता. धंदेवाईक फुटबॉलचें दार १९३४ पासून दहाबारा वर्षें त्याच्या जातीला बंद होतें. एकाच खेळावर सर्व आयुष्य लावलें असतें, तर तें बंद दारावर लावल्यासारखेंच झालें असतें. लॉस एंजेलिस येथील विद्यापीठांत चार खेळांत मानाचें अक्षर मिळविणारा तो पहिलाच विद्यार्थी. १९४० सालीं अमेरिकेंतील सर्व महाविद्यालयांत लांब उडींत तो पहिला आला. आणि त्याच वर्षीं बेसबॉलमध्यें त्याच्या फलंदाजीची सरासरी होती अवघी .०९७, म्हणजे दहा डावांत एक फटकाहि धड नाहीं! एखाद्या चोख हिशेबी पारख्यानें त्याला त्याच दिवशीं बेसबॉल सोडावयास लावला असता. १५ एप्रिल १९४७ रोजीं हाच रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघातर्फे मैदानांत उतरला आणि मोठ्या बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत फुटली. दोनच वर्षांनीं, १९४९ सालीं, त्याची सरासरी .३४२ झाली आणि संघाच्या विभागांतील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान त्याला मिळाला. गोलंदाजाची नजर चुकवून एका तळावरून दुसऱ्यावर पळण्यांत त्याचा हातखंडा असे. त्या पळण्यांत लांब उडीची झेप आणि फुटबॉलमधील हुलकावणी स्पष्ट दिसत.

अर्थात् रॉबिन्सन असामान्य होता. त्याच्यासारखीं देणगी लाभलेलीं माणसें कोणत्याहि पद्धतींत वर येतात असें म्हणतां येईल. परंतु बेसबॉलमधील त्याची देणगी उशिरां उमलली, आणि तोंवर त्याला मैदानावर टिकवून धरलें तें इतर खेळांनीं, ही गोष्ट नाकारतां येत नाहीं.

त्याच १९३६ च्या उन्हाळ्यांत हिंदुस्थानांतहि एक प्रसंग घडला. मद्रासचा एम. जे. गोपालन हॉकी आणि क्रिकेट या दोन्ही खेळांत देशातर्फे खेळलेला. १९३४ च्या जानेवारींत कलकत्त्यास तो इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना खेळला होता, आणि १९३५ सालीं ध्यानचंदांबरोबर हॉकी संघांतून न्यूझीलंडला जाऊन आला होता. पण बर्लिनचें ऑलिंपिक आणि क्रिकेट संघाचा इंग्लंडचा दौरा एकाच वेळीं आले. गोपालननें क्रिकेट पत्करलें. इंग्लंडांत त्याला एकहि कसोटी मिळाली नाहीं. तिकडे बर्लिनला हॉकी संघानें अंतिम सामन्यांत जर्मनीवर ८-१ असा विजय मिळवून सुवर्णपदक आणलें. दोन खेळांचा हा तोटा म्हणावा काय? तोटा झाला तो दोन्ही खेळांचे दिवस एकमेकांवर आदळल्यामुळें. त्याच दौऱ्यावरील कोटा रामस्वामी याचें उदाहरण याच्या उलट आहे. १९२२ सालीं तो डेव्हिस चषकासाठीं हिंदुस्थानतर्फे टेनिस खेळला होता. चवदा वर्षांनीं, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, मँचेस्टर येथें पहिल्याच कसोटींत त्यानें ४० आणि ६० धांवा काढल्या.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ऋतूंची हीं कुंपणें ढासळूं लागलीं. पूर्व जर्मनींत १९५२ पासून मुलांना लहानपणींच निवडून खास क्रीडाशाळांत ठेवूं लागले. अमेरिकेंत सरकारनें नव्हे, तर पैशानें तेंच घडविलें: खाजगी क्लब, बाराहि महिने चालणारे संघ, महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीची आशा. शाळेचा ऋतु संपला तरी क्लबचा संपत नसे. १९७४ सालीं डॉक्टर फ्रँक जोब यांनीं टॉमी जॉन या धंदेवाईक गोलंदाजाच्या कोपरांतील तुटलेला बंध दुसऱ्या ठिकाणचा स्नायुबंध लावून दुरुस्त केला. तेव्हां तें एक अपूर्व कौशल्य मानलें गेलें. पुढें तीच शस्त्रक्रिया हायस्कुलांतील पोरांवर करण्याची पाळी आली. कारण पूर्वीं फुटबॉलच्या दिवसांत विसावा घेणारा हात आतां वर्षभर एकच फेंक करीत होता.

अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०१६ सालीं स्पष्ट सल्ला दिला कीं, एकाच खेळाला वाहून घेणें पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबणीवर टाकावें. १९९० नंतर मुंबई-पुण्यांत वाढलेल्या क्रिकेटच्या उन्हाळी वर्गांत आठ वर्षांचें पोर घालणाऱ्या आईबापांना हा सल्ला पटणें कठीण; आणि त्यांचें अगदींच चुकतें असें नाहीं. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत अनेक देशांतील खेळाडूंची बालपणें ताडून पाहिलीं, तेव्हां असें दिसलें कीं कुमारवयांत बक्षिसें नेणारीं मुलें बहुधा लौकर एका खेळाला लागलेलीं असतात. परंतु प्रौढ वयांत जगाच्या पहिल्या रांगेंत जे पोंचले, त्यांनीं देशपातळीवरच थांबलेल्यांच्या मानानें आपला मुख्य खेळ उशिरां धरला होता, लहानपणीं इतर खेळ अधिक खेळले होते, आणि आरंभीं त्यांची प्रगति मंदच होती. दहाव्या वर्षीं कपाटांत दिसणारा चषक आणि पंचविसाव्या वर्षींचा खेळाडू यांची वाट निराळी असते. पण शाळेच्या स्नेहसंमेलनांत टाळ्या पडतात त्या चषकाला.