दोन फिके हिरवे

एकोणिसाव्या शतकातील युरोपात घराची भिंत हिरवी करायची, तर प्रामुख्याने दोन रंगद्रव्ये समोर येत. पहिले स्वीडिश रसायनतज्ज्ञ कार्ल विल्हेल्म शेले याने १७७५ मध्ये शोधलेले; दुसरे बव्हेरियातील श्वाइनफुर्ट येथे १८१४ पासून बनू लागलेले. पांढऱ्यात मिसळून फिकी केली, की दोन्ही कोवळ्या पालवीसारखी दिसत. जाणत्या नजरेला मात्र फरक कळे. शेलेचा हिरवा पिवळटपणाकडे झुकणारा, काहीसा मलूल आणि गंधकयुक्त हवेत काळवंडणारा. श्वाइनफुर्टचा निळसर, तजेलदार आणि अधिक टिकाऊ. साहजिकच दुसरा वरचढ ठरला, आणि या निवडीला सुधारणा मानले गेले.

पहिला मोरचूद, क्षार आणि सोमल यांपासून होई; दुसऱ्यात मोरचुदाऐवजी जंगाल आणि शिरका. सोमल दोन्हीकडे होताच. छटांची तुलना करणारा डोळा कितीही तयार असला, तरी दोहोंत जे समान होते ते त्याला दिसणे शक्य नव्हते. नाकाला कदाचित कळले असते: दमट भिंतीवरील अशा कागदाला उंदरासारखा वास येतो, असा इशारा जर्मन रसायनतज्ज्ञ ग्मेलिनने १८३९ मध्येच दिला होता. बुरशीमुळे त्यातून आर्सेनिकयुक्त वायू सुटतो, हे पुढे इटलीच्या गोझिओने दाखवले.

साहित्याच्या अभ्यासकाला अडखळायला लावणारे नाव यात येते ते विल्यम मॉरिसचे. कवी, समाजवादी, कारागिराच्या हाताची प्रतिष्ठा सांगणारा हा माणूस भिंतीचे कागदही रचत असे. त्याच्या घरची संपत्ती डेव्हनमधील एका खाणीच्या समभागांतून आलेली होती. तो स्वतः काही वर्षे तिचा संचालक होता. ती आधी तांब्याची, नंतर मोठ्या प्रमाणावर सोमलाची खाण. म्हणजे या हिरव्याचे दोन्ही घटक एकाच जमिनीतून निघत होते! १८८५ च्या एका पत्रात त्याने या विषभयाची तुलना चेटकिणींच्या भीतीशी केली. याला निव्वळ ढोंग म्हणणे मला सोपे वाटते, आणि म्हणूनच अपुरे. सुंदर वस्तू घराला अपाय करील, ही शक्यताच त्याच्या सौंदर्यविचारात बसत नसावी.

२००३ मध्ये अँडी मेहार्ग यांनी मॉरिसच्या ‘ट्रेलिस’ या कागदाचा जुना नमुना तपासला. जाळीवर चढलेल्या गुलाबांच्या त्या वेलीच्या हिरव्यात तांबे आणि आर्सेनिक सापडले.