खिडकीची जागा कोणी ठरवावी?

निजामी अंमलांतील देगलूरचे जुने महसुली कागद वाचतांना प्रथम सालाचा उलगडा करावा लागतो. फसली सन इसवी सनाहून सुमारें ५९० वर्षांनीं मागें असतो. घटना एकच, आरंभबिंदु निराळा, म्हणून आंकडा निराळा. संगणकाच्या पडद्यावरील खिडक्यांची, म्हणजे विंडोंची, कथाही प्रथमदर्शनीं अशीच भासते. विंडोज प्रणालींत मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालीं जाते; नेक्स्टस्टेपमध्यें ती खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वर जाई, व तोच वारसा ॲपलच्या मॅकनें पुढें चालविला. एवढाच भेद असता तर तो एका वजाबाकीनें मिटता.

खरा तंटा अधिकाराचा आहे. १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्यें खिडक्या फरशांप्रमाणें शेजारीं शेजारीं बसत; १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्या एकमेकींवर येऊं लागल्या. तिकडे १९८४ सालीं अमेरिकेंतील एमआयटी संस्थेंत रॉबर्ट शाइफलर व जिम गेटिस यांनीं 'एक्स' प्रणालीचा पाया घातला. साधन पुरवावें, धोरण लादूं नये, हा तिचा बाणा. म्हणून खिडक्यांची व्यवस्था 'विंडो मॅनेजर' नामक स्वतंत्र कारभाऱ्याकडे गेली. हा कारभारी खिडकीस आपली चौकट जडवितो. मग प्रोग्रॅमनें सांगितलेली जागा चौकटीची समजावी, कीं आंतल्या भागाची? या संदेहापायीं कित्येक खिडक्या दर वेळीं उघडतांना शीर्षपट्टीच्या उंचीइतक्या खालीं सरकत.

एकच प्रोग्रॅम सर्वत्र चालेल अशी ग्वाही देत १९९५ सालीं आलेल्या जावालाही येथें नमतें घ्यावें लागलें. २००४ च्या आवृत्तींत जागेचा निर्णय स्थानिक प्रणालीवर सोंपविण्याची सोय तिनें केली. क्रिस्टियन होग्सबर्ग यांनीं २००८ सालीं आरंभिलेल्या 'वेलँड'नें तर हा वाद मुळापासूनच तोडला. त्याच्या रूढ नियमांत सामान्य खिडकीस पडद्यावरील आपली जागा मागतां येत नाहीं व कळतही नाहीं. २०२० च्या जीटीके ४ मधून खिडकी हलविण्याची आज्ञाच वगळली गेली.

यांत लाभ आहे: उपद्रवी प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या खिडकीवर आपली खिडकी नेमकी बसवितां येत नाहीं. पण ज्याचें काम चार खिडक्यांत विभागलेलें आहे, त्याची काल मांडलेली मांडणी आज मोडलेली सांपडावी, ही हानिही लहान नव्हे. आमच्या मतें मेज वापरणाऱ्याचें आहे. प्रोग्रॅम हा पाहुणा व प्रणाली ही केवळ विश्वस्त होय. पाहुण्याचा हक्क विश्वस्तानें काढून घेतला, तर धन्यानें ठेविलेली वस्तु जागच्या जागीं राखण्याचें दायित्वही त्यानेंच पत्करिलें पाहिजे.