पदरी बाळगलेले प्राणी

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, माहुली क्षेत्री, छत्रपती शाहू महाराजांच्या एका कुत्र्याची समाधी दाखविली जाते. लोक त्याला खंड्या म्हणून ओळखतात. वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने महाराजांचे प्राण वाचविले, त्याची उतराई म्हणून महाराजांनी त्याच्या नावे जहागिरीची सनद करून दिली, त्याला पालखीचा मान दिला आणि त्या पालखीचा सारा लवाजमा चालू ठेवला, असे ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केले आहे. एका प्रसंगी तर महाराजांनी भरदरबारात त्या श्वानाला जरीवस्त्रे व रत्ने लेववून आपली पगडी त्याच्या मस्तकी ठेवली, असेही तो सांगतो. डफसाहेबाला यात राजाची लहर तेवढी दिसली. परंतु ज्या राज्यात इमानाचे मोल सनदेने आणि इनामाने करण्याची वहिवाट होती, त्या राज्यात प्राण वाचविणाऱ्या जिवाला सनद मिळाली, हे माझ्या मते दस्तुराला धरूनच झाले. पालखी म्हटली की भोई आले आणि भोई म्हटले की त्यांचा मुशाहिरा आला. राजाचे कौतुक कुत्र्याला मिळाले, आणि त्या कौतुकाचे ओझे ज्यांनी खांद्यावरून वाहिले त्यांची नावे कोणी सांगत नाही.

प्राणी बाळगण्याच्या आपल्या इतिहासात हा प्रकार पुनःपुन्हा आढळतो. मराठी राज्यव्यवस्थेत बारा महाल आणि अठरा कारखाने मोजले जात, त्यांत पीलखाना, उष्ट्रखाना आणि शिकारखाना ही जनावरांची स्वतंत्र खाती होती. कोणते जनावर बाळगावे हा प्रश्न त्या काळी हौसेपुरता नव्हता. त्याचा रातीब कोणत्या बाबीखाली पडणार आणि त्याच्यापाशी रात्री कोण निजणार, हेही ठरवावे लागे. हत्तीला माहूत, घोड्याला मोतद्दार, तसाच शिकारी पाखरांना आणि चित्त्यांना त्यांचा त्यांचा जाणता माणूस लागे, आणि ही जाण बहुधा बापाकडून मुलाकडे जाई.

सवाई माधवराव पेशव्यांचे प्राणिप्रेम या खात्यांच्या पलीकडचे होते. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांनी जो प्राणिसंग्रह केला होता तो १७९१ साली प्राइस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पाहिला आणि तेथील सिंहाची व गेंड्याची आवर्जून नोंद केली. पुणे दरबारी असलेला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याची हकिगत मला याहून मोलाची वाटते. पुण्याबाहेरच्या रमण्यात पेशव्यांनी हरणांना असे माणसाळविले होते, की वाद्यांचे स्वर कानी पडताच ती मंडपाकडे चालत येत, आणि त्यांतली काही झोपाळ्यावर बसूनही बिचकत नसत. नाना फडणविसांच्या करड्या देखरेखीखाली वाढलेल्या आणि एकविसाव्या वर्षीच, १७९५ साली, मृत्यू पावलेल्या या तरुण पेशव्याला दरबारी रीतीबाहेरचे सुख कोठे मिळत असेल, तर ते या रमण्यात मिळत असावे, अशी कल्पना मनात येते. इतिहासकाराने कल्पनेला फार वाव देऊ नये हे खरे. म्हणून एवढेच म्हणतो, की हरणाला झोपाळ्याची सवय लावण्याचे काम पेशव्यांनी जातीने केले नसणार.

पुढे १९५३ साली पुणे महानगरपालिकेने त्याच पर्वतीच्या पायथ्याशी पेशवे पार्क उभारले, आणि मुलांच्या दोन पिढ्यांनी वाघसिंह प्रथम तेथेच पाहिले.

परंतु असामान्य प्राणी घरी बाळगण्याची खरी विद्या पाहावयाची असेल तर चित्त्याकडे वळले पाहिजे. कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकातही चित्त्यांकरवी काळविटांची शिकार चाले, आणि देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते आणवून ही प्रथा टिकविण्यात आली. या विद्येतला पहिला धडा असा, की चित्त्याचे पिल्लू पाळून उपयोग नसतो: शिकार त्याला त्याची आई शिकविते, माणसाच्या हातून ते काम होत नाही; म्हणून वाढलेला, रानात शिकार करून तरबेज झालेला चित्ताच फाश्यात धरावा लागे. असे जनावर धरून आणले की त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवीत, त्याला बाजेशी बांधीत आणि भोवती माणसांची वर्दळ ठेवीत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत काही वर्षे शिकविलेल्या लॉकवुड किपलिंगने १८९१ साली भारतातील माणसे आणि जनावरे यांच्यावर एक ग्रंथ लिहिला. चित्ता आणि त्याचे रखवालदार एकाच बाजेवर, एकाच पांघरुणात कसे निजतात, आणि घरच्या बायकामुलांनी जवळ बसून बोलत राहिल्याने तो मनुष्याच्या आवाजाला कसा सरावतो, याचे वर्णन त्यात आहे. मैदानात काळवीट पाडल्यावर चित्त्याने पकड सोडावी म्हणून लाकडी पळीतून त्याला ताजे रक्त पाजीत, आणि तो पिण्यात गुंतला की पुन्हा टोपी चढवीत. दात लागलेले भक्ष्य रानटी जनावराच्या तोंडातून काढून घ्यावयाचे, आणि तेही त्याला न दुखविता! एवढा जिव्हाळा जमूनही एक गोष्ट साधली नाही. अकबराने एकाच वेळी हजार चित्ते बाळगले तरी त्यांची वीण झाली नाही, असे जहांगीर आपल्या आत्मवृत्तात लिहितो; त्याच्या स्वतःच्या कारकिर्दीत एकदा पिल्ले झाली, तर ती नवलाची गोष्ट म्हणून त्याने टिपून ठेविली. प्रत्येक पाळीव चित्ता म्हणजे रानातला एक चित्ता उणा, असा हा हिशेब होता.

या कामात निष्णात असलेल्या पारध्यांच्या एका शाखेला चित्तेवाले पारधी असेच नाव होते. ज्या पारधी समाजाच्या कसबावर राजेरजवाड्यांची ही हौस भागत होती, त्यातल्या अनेक शाखांवर इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, आणि भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले तेही १९५२ सालीच.

सामान्य गृहस्थाच्या घरी हा बडेजाव नव्हता. गाईगुरांना नावे असत, मांजर आपल्या मर्जीने येई व जाई, आणि कुत्र्याला वैश्वदेवात बळीचा मान असला, दत्ताच्या पायाशी चार श्वान असले, तरी त्याचा चतकोर त्याला अंगणातच मिळे. उंबरठा त्याचा नव्हता. साखळी, पट्टा आणि दिवाणखान्यातली गादी या गोष्टी लष्करी छावणीच्या सहवासाने आल्या. त्यांच्याबरोबर विलायती जातींचा असा बोलबाला झाला, की मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेल्या आमच्या सडपातळ, लांब पायांच्या शिकारी कुत्र्याची किंमत आम्हांला फार उशिरा कळली; टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले ते २००५ साली.

घरात खरा मान होता तो राघूला. माडीच्या तुळईला टांगलेला पिंजरा, त्यात भिजविलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड आणि एखादी हिरवी मिरची, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ‘विठू विठू’ म्हणून दाखविण्यासाठी घरातल्या म्हाताऱ्या माणसाने केलेली चिकाटी, हे चित्र मराठी घरांना इतके परिचयाचे होते, की त्या पक्ष्याचे पंख कातरलेले आहेत इकडे कोणाचे लक्ष जात नसे. चित्त्याप्रमाणे हा पक्षीही रानातूनच येई; ढोलीतली पिल्ले काढून बाजारात आणणारे निराळे, विकणारे निराळे आणि पढविणारे निराळे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्या यांनी देशी पोपट धरणे, विकणे व पाळणे हा अपराध ठरविला, तरी घरोघरच्या पिंजऱ्यांना अजून त्याची वर्दी पोचलेली दिसत नाही. ज्यांच्या घरी असा राघू असेल त्यांनी भूतदयेच्या भरात पिंजऱ्याचे दार स्वतः उघडू नये. उडता न येणारा तो पक्षी पहिल्याच मांजराच्या तोंडी जाईल. त्याला वनखात्याच्या हवाली करावे.